सहलीला गेलेला सप्ताह

सप्ताहातली वीणा खाली ठेवायची नसते. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं समजायला सोपं आहे. सात दिवस, सात रात्री ती कुणा ना कुणाच्या गळ्यात असते, आणि ज्याच्या गळ्यात असते तो उभा असतो. बसायचं नाही, टेकायचं नाही, आणि आमच्या वाडीच्या शिरस्त्याप्रमाणे नामाशिवाय दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही. पहारा संपला की पुढचा माळकरी येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. ती जमिनीला टेकली की सप्ताह खंडित. मग मांडव सोडायचा, कीर्तनकार बुवांना हात जोडून माघारी पाठवायचं आणि कुंडलच्या बाजारात वर्षभर मान खाली घालून हिंडायचं.

कोंडीबाआबांच्या वडिलांनी हा सप्ताह सुरू केला आणि तो आजवर खंडित झालेला नाही. त्यामुळे पहाटेचा पहारा आबांचाच. काकडा झाला, मंडळी चहाला पांगली, देवळात आबा एकटे राहिले. आदल्या दिवशीचं कीर्तन असं काही रंगलं होतं की आबा अजून त्याच चालीवर डोलत होते. फटफटलं, पण सकाळच्या पहाऱ्याचा धनाजी काही आला नाही.

धनाजी समोरच होता. देवळापुढं सांगलीहून आलेली एक पांढरीशुभ्र बस उभी होती आणि तिच्यावर कापडी फलक होता : म्हाळूच्या सड्यावर पाहुण्या पाखरांचा उत्सव, सांस्कृतिक सहल. वाडीतल्या चार-पाच जणांनी नावं दिली होती, पण सप्ताह म्हणून धनाजी सोडून सगळ्यांनी ती काढून घेतली होती. धनाजीनं दोन्हीकडं दिलं होतं, सहलीलाही आणि पहाऱ्यालाही. रुमाल टाकून खिडकीची जागा धरावी, उतरावं आणि कुणाला तरी आपला पहारा घ्यायला सांगून परत यावं असा त्याचा बेत होता. पण रुमाल टाकेपर्यंत नाश्त्याची पाकिटं आली. पाकिटात पाव, केळं आणि उकडलेलं अंडं होतं. धनाजीच्या गळ्यात माळ होती. माळ आतल्या बाजूला सरकवून त्यानं अंडं तोंडात घातलं, आणि नेमके तेव्हा आबा वीणा घेऊन बसच्या पायरीवर चढले.

"राम कृष्ण हरी," आबा म्हणाले. म्हणजे, उठ लेका, पहारा घे.

धनाजीच्या गालात अख्खं अंडं होतं. त्यानं फक्त मान हलवली. आबांना वास आला आणि सगळं कळलं. त्या तोंडानं वीणा घेता येत नाही. ते तसेच माघारी वळले, तर दार आपोआप मिटलं. दार तसलंच होतं. ड्रायव्हरला उशीर झालेला. आबांनी मोठ्यानं "राम कृष्ण हरी" म्हटलं, म्हणजे थांबव. ड्रायव्हरनं आरशातूनच नमस्कार केला आणि गिअर टाकला.

धनाजीला एका शब्दात गाडी थांबवता आली असती. पण थांबवली तर आबा उतरणार, पहारा कुणाचा होता ते निघणार, आणि त्यामागून अंडंही निघणार. म्हणून त्यानं घास गिळला आणि सहलीवरच्या पोरीला सांगितलं की हे आपल्यातलेच आहेत, सांस्कृतिक.

ती पोरगी म्हणजे दीक्षा, सांगलीची. माहिती सांगायला म्हणून तिची ही पहिलीच सहल. सहलीत लोककलेचं दर्शन घडवू असं छापलेलं होतं आणि ठरलेला कलावंत ऐनवेळी आजारी पडला होता. त्यात वीणेसकट म्हातारा आपल्या पायांनी बसमध्ये चढलेला बघून तिला भरून आलं. तिनं नाव विचारलं.

"राम कृष्ण हरी," आबा कळवळून म्हणाले.

तिनं बिल्ल्यावर तसंच लिहिलं आणि आबांच्या अंगरख्याला लावलं. मग माइकवरून सांगितलं की आपल्याबरोबर एक ज्येष्ठ लोककलावंत आहेत, ते प्रवासभर उभ्यानं नामगायन करणार आहेत. बसनं टाळ्या वाजवल्या. चोर पळताना माणूस ओरडेल तशा आवाजात आबांनी नाम घेतलं. टाळ्यांनी ठेका धरला.

कडेगाव गेलं, कऱ्हाड गेलं. दीक्षा माइकवरून पाखरांची माहिती सांगत होती. करकोचे लांब उत्तरेकडून येतात, हिमालय ओलांडतात, थंडीभर आपल्याकडं राहतात. राखी अंग, काळी मान, डोळ्यामागं पांढरा तुरा. सड्यावर गेल्यावर मोठ्यानं बोलायचं नाही, भडक कपडे घालायचे नाहीत. यंदा अजून एकही करकोचा सड्यावर उतरलेला नाही, हे मात्र तिनं सांगितलं नाही. तसं तिला बजावलेलंच होतं.

पाटणच्या पुढं घाट लागला. उभ्या माणसाला वळणं कशी लागतात ते ज्याला लागतात त्यालाच ठाऊक. पुढच्या बाकावर सांगलीचे हळदीचे व्यापारी जिनपाल आणि त्यांच्या पत्नी त्रिशला बसले होते. जिनपाल उठले आणि त्यांनी आबांना कमरेशी धरलं, उजवं वळण आलं की उजवीकडून, डावं आलं की डावीकडून. त्रिशलाबाई मात्र आबांच्या तोंडाकडं बघत होत्या. बाईमाणसाला कळतं. त्यांनी नवऱ्याला हळूच सांगितलं की म्हाताऱ्याला लघवी लागलीय.

खरं होतं. काकड्याच्या वेळी बायडाबाईनं, म्हणजे आबांच्या बायकोनं, थंडी आहे म्हणून दोन पेले चहा पाजला होता. तो आता घाट चढत होता. वीणा गळ्यात घेऊन त्या कामाला जाता येत नाही. वीणा द्यावी तर द्यायची कुणाला? आबांनी बसभर नजर फिरवली. ज्याच्या त्याच्या मांडीवर अंड्याचं टरफल.

जिनपालनी त्यांची नजर ओळखली. "आजोबा, आमच्याकडं द्या. आम्ही पाकीट उघडलंच नाही. अंडं राहू दे, मी कांदासुद्धा खात नाही."

बसमध्ये एवढं शुद्ध तोंड दुसरं नव्हतं हे आबांना पटलं. त्यांनी आशेनं जिनपालच्या गळ्याकडं पाहिलं. गळ्यात सोन्याची साखळी होती, तुळशीची माळ नव्हती.

"राम कृष्ण हरी," आबा इतक्या दिलगिरीनं म्हणाले की जिनपालना वाईट वाटलं नाही. त्यांनी पुढच्या वळणावर आबांना आणखी घट्ट धरलं, आणि त्यामुळं आबांची आणखीच पंचाईत झाली.

सड्यावर पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. वर नुसता सपाट काळा कातळ, मधे तळं, आणि तळ्याच्या काठाला माणसंच माणसं. जिथं तिथं 'शांतता राखा'चे फलक, आणि ते नीट लागलेत का हे एक जण कर्ण्यावरून विचारत होता. तो ऋषिराज, उत्सवाचा प्रमुख. पाहुण्या पाखरांचं स्वागत म्हणून कमान होती, कमानीत तांब्या आणि सुपारीचं तबक होतं. वऱ्हाड यायचं तसा सगळा थाट होता, फक्त पाखरं नव्हती. म्हणून ऋषिराजनं एक करकोचा भाड्यानं आणला होता.

करकोचा दीड माणूस उंच होता. राखाडी मखमलीचं अंग, तारेची लांब मान, वर पांढरा तुरा, पुठ्ठ्याची पिवळी चोच. कमानीपाशी उभा राहून तो येणाऱ्या प्रत्येकापुढं पंख हलवत होता. आबा बसमधून उतरले ते गुडघे जोडून, तुरुतुरु. आडोसा शोधत होते. उजवीकडं झुडूप दिसलं, तर त्याच्या दिशेनं दहा-वीस कॅमेऱ्यांच्या नळ्या रोखलेल्या. डावीकडचा खडक बघावा, तर तिथं 'निरीक्षण स्थळ' अशी पाटी. आणि आडोसा सापडून तरी काय, वीणा गळ्यातच. करकोच्यासमोर आल्यावर आबा थांबले, कारण पुढं पाऊल टाकलं तर काय होईल याची त्यांना खात्री नव्हती.

"राम कृष्ण हरी," ते डोळे मिटून म्हणाले. हे कुणाला उद्देशून नव्हतं, असलंच तर देवाला होतं.

"राम कृष्ण हरी, माउली," करकोच्याच्या पोटातून उत्तर आलं.

आबांनी डोळे उघडले. असं उत्तर फक्त माळकरी देतो, आणि तेही विचार न करता, शिंकेसारखं. आबांनी करकोच्याच्या छातीवर टकटक केली. मखमलीमधली जाळी बाजूला झाली, एक घामेजलेला हात बाहेर आला आणि त्यानं तुळशीची माळ ओढून दाखवली. आतल्या माणसाचं नाव अमृत. मूळचा कडेगावकडचा, सांगलीत लग्नाच्या वरातीत अस्वल व्हायचा. आबांनी तोंडाकडं बोट नेऊन खुणेनं विचारलं.

"सकाळपासनं पाणीबी न्हाई घेतलं, माउली," अमृत आतून म्हणाला. "ह्यात एकदा शिरलं की कशालाच भाईर पडता येत न्हाई. म्हनून काय घ्यायचंच न्हाई."

आबांना भरून आलं. त्यांनी वीणा गळ्यातून उचलून पुढं धरली. अमृतला शिरस्ता ठाऊक होता. दोघं एकमेकांच्या पाया पडायला वाकले आणि चोच आबांच्या टकलावर बसली. मग वीणेचा पट्टा तुऱ्यावरून, चोचीवरून, तारेच्या मानेवरून खाली आणायचं काम सुरू झालं. जिनपालनी चोच धरली, त्रिशलाबाईंनी तुरा दाबला. वीणा एकदाची मखमलीवर विसावली आणि करकोचा खर्जात नाम घेऊ लागला. आबा तोवर झुडपाच्या दिशेनं दिसेनासे झाले होते.

कॅमेरेवाले तिथून उठून गेले होते, कारण करकोचा गातोय अशी हाकाटी झाली होती. झुडपामागं आबा उभे राहिले. पहाटेपासून गळ्यावर असलेला भार आणि दुसराही भार एकदमच उतरत होता, आणि तेवढ्यात त्यांचं लक्ष समोर गेलं. तळ्याच्या पलीकडच्या टोकाला, गवतात, राखी अंगाची आणि काळ्या मानेची दहा-बारा पाखरं उभी होती. एकेका पायावर. कुणी बसलेलं नाही, टेकलेलं नाही, जणू सगळी पहाऱ्यावरच आहेत. आबांना हात जोडावेसे वाटले, पण त्या क्षणी हात मोकळे नव्हते. त्यांनी मान लववली.

तळ्यावर हातपाय धुऊन परत आले तर कमानीपाशी रांग लागलेली. वीणा दिसली की आपला माणूस वीणेकऱ्याच्या पाया पडतो. कुणाच्या गळ्यात आहे हे बघत नाही, आणि बघितलं तरी थांबत नाही. आधी एक म्हातारी पडली, मग पाटणकडच्या बाया, मग कॅमेरे पाठीवर टाकून कॅमेरेवाले. करकोच्याच्या केशरी पायांवर कुणी बुक्का वाहिला. आबांनी दीक्षाला गाठून सांगितलं की पाखरं आलीत, पलीकडच्या गवतात. तिनं रांगेतल्या आपल्या प्रवाशांना हळू आवाजात बोलावलं. प्रवासी म्हणाले, आत्ता नंबर आलाय, दर्शन घेऊन येतो. तेव्हा ती एकटीच गेली आणि बऱ्याच वेळानं, डोळे पुसत आली.

इकडं ऋषिराजचा ताल सुटला होता. जिल्ह्याहून आलेले प्रमुख पाहुणे गाडीतून उतरत होते आणि करकोच्यानं दोन्ही पंख पसरून त्यांना पुष्पगुच्छ द्यायचा असं ठरलं होतं. करकोच्याचा एक पंख वीणेला, दुसऱ्यात आबांच्या चिपळ्या. ऋषिराज धावत आला. दोनच मिनिटं हे बाजूला ठेव म्हणाला, आणि त्यानं वीणा दांडीला धरून कातळावर टेकवायला खाली ओढली.

आबा कधी मधे शिरले ते कुणाला दिसलं नाही. त्यांनी दोन्ही तळहात वीणेच्या भोपळ्याखाली घातले आणि कातळावर पालथे पडले.

"माझी हाडं ठेव कातळावर," ते खालून म्हणाले. "ही ठेवू नगंस. माझ्या बानं उभी केलीया. मी मेलो तर सप्ता ऱ्हाईल, ही टेकली तर न्हाई ऱ्हायचा."

सबंध दिवसात नाम सोडून मोठ्यानं बोललेलं हेच. ऋषिराजच्या हातातली दांडी सुटली, तोवर अमृतनं वीणा वर उचलली होती. भोपळा आणि कातळ यांच्यामधे आबांच्या हाताची जाडी होती, तेवढीच. आबांची बोटं सोलवटली होती. ती हसऱ्या तोंडानं त्यांनी सगळ्यांना दाखवली.

प्रमुख पाहुण्यांनी पुढं येऊन हे सगळं पाहिलं. त्यांच्या गावीही सप्ताह होत असावा. त्यांनी बूट काढले, करकोच्याच्या पायावर डोकं ठेवलं, पुष्पगुच्छ त्याच्याच पंखात दिला आणि भाषण न करता बाजूला उभे राहिले. ऋषिराजनं कर्णा तोंडाला लावला, खाली घेतला, पुन्हा लावला आणि पादत्राणं कमानीच्या डाव्या हाताला ठेवावीत असं सांगितलं.

एवढ्यात घाटातून मृदंग ऐकू आला.

आमच्या वाडीचा टेम्पो होता. सकाळी बायडाबाई चहा घेऊन देवळात गेली तेव्हा आबा नाहीत आणि वीणाही नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की वीणेसकट आबांना बस घेऊन गेली. मग टाळकरी, मृदंगवाला विश्वजीत, दुपारच्या पहाऱ्याचा माणूस असे सगळे टेम्पोत चढले. हौद्यात मधे हंड्यात महाप्रसाद होता, कारण तो चुलीवरून उतरला होता आणि मागं ठेवून यायला जीव झाला नव्हता. सड्यावर उतरून त्यांनी पाहिलं तर वीणा करकोच्याच्या गळ्यात, करकोचा नाम घेतोय आणि साहेबलोक त्याच्या पाया पडतायत.

विश्वजीत जरा शिकलेला, नियमाचा. तो म्हणाला की सप्ताह खंडित झाला. सकाळपासून देवळात वीणाच नाही म्हटल्यावर दुसरं काय झालं? बुवांना फोन करून तसं कळवलं पाहिजे. टाळकऱ्यांची तोंडं उतरली. सगळ्यांची नजर बायडाबाईकडं गेली. आमच्या वाडीत सप्ताहाचा तांदूळ किती आणि धर्म काय हे तीच ठरवते.

तिनं आधी आबांची बोटं पाहिली. मग विचारलं, "टेकली का?"

"न्हाई," आबा म्हणाले.

"नाम थांबलं का?"

त्रिशलाबाईच पुढं झाल्या. एक क्षणही थांबलं नाही, म्हणाल्या, आम्ही सांगलीपासून... नाही, कुंडलच्या पुढून ऐकतोय.

"मग सप्ता खंडला कुठनं?" बायडाबाई विश्वजीतला म्हणाली. "वीणा हाय तितं सप्ता हाय. वीणा कुठं गेली न्हाई रं. देऊळच मागं ऱ्हायलं."

कीर्तनात एखादा दाखला असा बसतो की मांडवभर मान हलते, तशी सड्यावर मान हलली. ऋषिराजचीही हलली. मग बायडाबाई धनाजीकडं वळली. तो कमानीआड उभा होता. "अंडं खाल्लंस ते खाल्लंस," ती म्हणाली, "त्या मिश्यातला बलक तरी पुस. माळ आन हिकडं. एकादशीला आंघूळ करून ये, मग बघू गळ्यात घालायची का न्हाई." धनाजीनं माळ काढून दिली आणि हंड्याजवळ वाढायला जाऊन बसला. सांगितलं नव्हतं तरी.

आता वीणा माघारी न्यायची. दुपारच्या पहाऱ्याचा माणूस हातपाय धुऊन पुढं झाला. पण करकोचा मागं सरला.

"माउली, म्या दुपारचा पहारा घेतलाय," अमृत दोन नामांच्या मधे आतून म्हणाला. त्यांच्याकडं पहाऱ्यावर बोलायला बंदी नव्हती. "हरिपाठापातूर माझा हाय. आमच्याकडचा सप्ता बंद झाला त्याला लय वरसं झाली. अर्धा पहारा सोडायला लावू नगा."

घेतलेला पहारा पुरा करायचा हा नियम विश्वजीतलाही पाठ होता. ऋषिराज म्हणाला की उत्सव तीन दिवस आहे, करकोचा गेला तर इथं दाखवू काय? दीक्षानं तळ्यापलीकडं बोट केलं. ऋषिराजनं दुर्बीण लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. त्याच्या मागं टेम्पो सुरू झाला तेही त्याला कळलं नाही.

हरिपाठ देवळात व्हायला हवा, म्हणून टेम्पो पुढं निघाला आणि बस त्याच्या मागं. टेम्पोच्या हौद्यात मधोमध करकोचा उभा होता. विश्वजीतनं आणि दुपारच्या माणसानं त्याला दोन्ही अंगांनी धरलं होतं. आबांना बायडाबाईनं खाली पोत्यावर बसवलं होतं आणि बोटांना हळद लावली होती. पहाटेपासून ते पहिल्यांदाच बसले होते. वाऱ्यानं तारेची मान मागं पुढं होत होती, चोच नामाला होकार देत होती. कऱ्हाडच्या नाक्यावर पोलिसानं हात केला, वीणा बघितली, तोच हात कपाळाला लावला. कडेगावात रस्त्याकडेची माणसं उभी राहिली. अमृतला जाळीतून काय दिसत होतं कोण जाणे, पण आपल्या गावाची हद्द आली तेव्हा त्यानं आवाज चढवला.

मागच्या बसमध्ये प्रवासी चुळबुळत होते. पाखरांच्या उत्सवाला जाऊन पाखरू काही नीट बघायला मिळालं नाही, असं कुणीतरी म्हणालं, आणि रांगेत उभं राहायला कुणी सांगितलं होतं, असं दुसरं कुणीतरी. दीक्षा उठून ड्रायव्हरशेजारी उभी राहिली. तिनं माइक घेतला, फुंकर मारली.

"सगळ्यांनी समोर बघा," ती सकाळच्याच शांत आवाजात म्हणाली. "करकोचा. राखी अंग, काळी मान, डोळ्यामागं पांढरा तुरा. थंडीत लांबून येतो. गळ्यात वीणा असेल तर उतरत नाही. आत्ता कुंडलकडं निघालाय. कृपया हळू बोला, पहाऱ्यावर आहे."